आभाराची ओळ

धाकटी म्हणजे माझी मेहुणी. बायकोची सर्वांत लहान बहीण, म्हणून घरात सगळे तिला धाकटी म्हणतात. आता तिच्या केसांत पांढरं आलंय, तरी धाकटीच. हे तिच्याबद्दल आहे. तिला विचारून लिहितोय. म्हणाली, लिहा, पण नावं नकोत. आणखी एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, माझं तर मुळीच नको. का, ते पुढे येईल.

ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात तपासणीवर आहे. यंत्रातून काच येते. ती दिव्यासमोर धरायची, फिरवायची. ओरखडा दिसला तर डावं खोकं, नाही तर उजवं. दिवसभर हेच. एकदा तिचा डबा द्यायला गेलो होतो तेव्हा थोडा वेळ बघत उभा राहिलो. मला एकही ओरखडा दिसला नाही. तिचं डावं खोकं निम्मं भरलेलं होतं.

मी स्वतः आयुष्यभर पाइपांचं वेल्डिंग केलं. वाफेचे, पाण्याचे, दाबाचे पाइप. बोटांची टोकं भाजून भाजून बधिर झाली आहेत, गरम कप धरला तरी कळत नाही. आमच्या कामात पद्धत अशी होती की सांधा पुरा झाला की त्याच्या शेजारी आपला शिक्का उठवायचा. एक लहान पोलादी ठसा, त्यावर हातोडीचा एक ठोका. उद्या सांधा फुटला तर कुणी केला ते कळावं. आणि नाही फुटला तरी कळावं. दुसरं कारण लोक विसरतात. धाकटी विसरत नसे. लहानपणी ती माझा ठसा घेऊन साबणाच्या वड्यांवर दाबत बसायची.

आमच्या वसाहतीतली पाण्याची जुनी लाइन बदलायला काढली, तिथून हे सुरू झालं. नळ बंद. टँकर खाली यायचा. वरच्या मजल्यांवरची म्हातारी माणसं बादल्या घेऊन जिना कशी चढणार? धाकटीने फोनवर चालणारा एक प्रोग्रॅम तयार केला. कुठल्या खोलीत कोण राहतं, कुणाला पाणी वर हवं, कुणाला औषध आणून हवं, आणि न्यायला कोण मोकळं आहे. नाव ठेवलं 'शेजार'. हे ती कारखान्यातून आल्यावर घरी बसून शिकली होती. शिकवणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदा तो चाललाच नाही. दुसऱ्यांदा चालला आणि त्याने वसाहतीतल्या सगळ्यांना एकाच खोलीत पाणी पोचवायला पाठवलं. त्या खोलीतल्या आजोबांनी बादल्या, पातेली, शेवटी फुलदाण्यासुद्धा भरून घेतल्या आणि वर म्हणाले, "पोरी, घाईने दुरुस्त करू नकोस."

लाइन पुरी झाली. पाणी आलं. धाकटीने 'शेजार' तसाच इंटरनेटवर उघडा ठेवला. ओपन सोर्स म्हणतात त्याला. मला ते असं समजलं: आपण केलेल्या कामाचा नकाशा भिंतीवर लावून ठेवायचा. ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा, त्यात बदल करावा, चूक दिसली तर सांगावी. पैसे नाहीत, परवानगी विचारायची गरज नाही. कुठकुठच्या वस्त्यांनी तो घेतला. लोक चुका कळवायचे. ती त्या दुरुस्त करायची आणि प्रोग्रॅमच्या पानावर खाली लिहायची: ही चूक दाखवल्याबद्दल अमक्यांचे आभार. पूर्ण नाव. ती ओळ कायम राहायची. त्या कामात तशी रीतच आहे, ती म्हणाली. एकदा हसून म्हणाली, "भाऊजी, हा त्यांचा शिक्का."

मला बरं वाटलं होतं.

मग निवडणूक आली. सत्तेतल्या पक्षाची माणसं फोन घेऊन दारोदार फिरायला लागली. पाणी येतं का, गटार तुंबतं का, घरात किती माणसं, आणि जाता जाता मत कुणाला. आमच्या दारातही एक जण आला. धाकटी आमच्याकडेच होती. तिने त्याच्या फोनमध्ये डोकावून बघितलं. तो गेल्यावर म्हणाली, "शेजार आहे तो. रंग बदललाय फक्त."

बायको भांडी पुसत होती. म्हणाली, "वा. झाडू तुझा, आणि अंगण झाडतायत त्यांचं."

"ताई, कुणीही घ्यावा असंच लिहून ठेवलंय मी."

"कुणीही म्हणजे हेसुद्धा?"

"कुणीही म्हणजे कुणीही. नाही तर उघडा कसला?"

"मग झोपताना दाराला कडी कशाला घालतेस? कुणीही येऊ दे की!"

धाकटी माझ्याकडे बघायला लागली. मी जोडलेल्या पाइपांतून कुठे काय वाहिलं, ते मला कुणी विचारून वाहवलं नाही. तसं म्हणालो. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं एका माळेचे मणी." विषय तिथेच संपला.

त्यानंतर काही दिवसांनी तिला एक मेल आला. तिने मला वाचून दाखवला. 'महोदया, आपल्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या घराची माहिती पुसली तरी नाव टाकून शोधल्यास पत्ता दिसतो. लोक विश्वासाने पुसायला सांगतात. कृपया लक्ष घालावे. कळावे.' खाली पूर्ण नाव. हा माणूस त्या पक्षाच्या आमच्या भागातल्या कार्यालयात कारकून होता, पण ते मेलमध्ये नव्हतं, आम्हाला नंतर कळलं. सही करायची सवय असलेल्या माणसाने सही केली होती, इतकंच. मी त्याला इथे कारकूनच म्हणतो.

धाकटी म्हणाली, "खरं आहे त्याचं."

पाण्याच्या दिवसांत एकाने चुकून एका म्हाताऱ्याची खोली पुसून टाकली होती आणि त्याला दिवसभर पाणी मिळालं नव्हतं. तेव्हापासून तिने अशी सोय केली होती की पुसलेलं नुसतं झाकलं जायचं. हवं तर परत काढता यावं म्हणून. पाणी वाहायला ते चांगलं होतं. पक्षाच्या हातात ते चांगलं नव्हतं.

पुढच्या सगळ्या संध्याकाळी आणि आख्खा रविवार तिने त्यावर घातला. मी समोर बसलो होतो. पुसलेली गोष्ट एका जागी नसते, असं ती म्हणाली. तिच्या नकला होतात, नकलांच्या नकला होतात, शोधायच्या सोयीसाठी आणखी कुठे ठेवलेली असते. प्रत्येक जागी जाऊन ती निघाली का ते बघायचं. एकदा मी म्हटलं, "झालं की आता. परत कशाला?"

"तुम्ही सांधा एकदाच तपासत होतात का?"

नीट केलेलं काम होतं. ते झाल्यावर तिने नवीन प्रोग्रॅम पानावर ठेवला आणि रीतीप्रमाणे खाली ओळ लिहिली. आभार, आणि कारकुनाचं पूर्ण नाव.

पक्षाच्या कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळणारा एक माणूस होता. नवीन काही बसवण्याआधी त्यात काय बदललंय ते तो वाचून बघायचा. चांगला कामगार असंच करतो. त्याने वाचलं. खालची ओळ वाचली. ते नाव त्याच्या शेजारच्या टेबलावर बसत होतं.

कार्यालयप्रमुखाने त्याच दुपारी कारकुनाला काढून टाकलं. आणि नवीन प्रोग्रॅम बसवायचा नाही म्हणून सांगितलं. बाहेरच्या बाईशी संधान बांधून केलेली वस्तू आपल्या घरात नको, असं तो म्हणाला. तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की खालच्या पानटपरीवर ऐकू गेलं. तिथून ते विरोधी पक्षाला कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सभेत वक्ता सांगत होता, यांच्याच कार्यालयातला एक प्रामाणिक माणूस म्हणतो की हे तुमची पुसलेली माहितीसुद्धा ठेवून घेतात. नाव घेऊन सांगत होता. पुन्हापुन्हा घेत होता. लोक टाळ्या वाजवत होते.

कारकुनाचा दुसरा मेल आला. 'माझे नाव काढता येईल काय?'

धाकटीने लगेच काढलं. पण उघड्या गोष्टीचं असं असतं की जो घेतो तो मागचं सगळं घेतो. कुणी कधी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं त्याच्याकडे जातं. ज्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं त्यांच्याकडे ती ओळ होती. खोडली हेही आता दिसत होतं. दुसऱ्यांचं पुसता यावं म्हणून ती राबली होती, आणि ही एक ओळ तिला पुसता येत नव्हती.

ती घरी आली. म्हणाली, "भाऊजी, माझ्याबरोबर चलता का त्यांच्याकडे?" रडली नव्हती. चेहरा काच धरताना असतो तसा होता.

तो एका छापखान्याच्या मागच्या गल्लीत राहायचा. खोली कार्यालयप्रमुखाच्या भावाची होती, म्हणजे तीही सोडायची होती. दारात पुठ्ठ्याची खोकी. त्याची बायको चादरीत भांडी बांधत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने गाठ मारायची थांबवली.

"ह्याच का त्या आभारवाल्या?"

धाकटी म्हणाली, "हो."

"कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो ताई. शिव्या खाऊन माणूस घरात तरी राहतो."

"गप बस गं," कारकून आतून म्हणाला. "काका, या. बसायला जागा नाही. खोक्यावर बसा, त्यात पुस्तकं आहेत, दबणार नाही."

आम्ही बसलो. धाकटी म्हणाली, "मी विचारायला हवं होतं तुम्हाला."

"मी सही करायला नको होती," तो म्हणाला. "पण बिनसहीचं पत्र मला कधी लिहिताच आलं नाही. आमच्या साहेबांनी एकदा शिकवलं होतं, निनावी लिहितो तो भित्रा. झालं."

"आता घ्या शौर्यपदक," त्याची बायको म्हणाली आणि पुन्हा गाठ मारायला लागली.

मग त्याने खरं कारण सांगितलं. एक बाई कार्यालयात आली होती. नवऱ्याच्या मारामुळे घर सोडलेली. नव्या जागी राहत होती तिथे पक्षाचा माणूस येऊन माहिती घेऊन गेला, आणि तिने भाबडेपणाने खरं नाव दिलं. नंतर तिला कळलं की तिचा नवरा त्याच पक्षासाठी फोन घेऊन दारोदार फिरतो. ती धावत आली, माझं काढा म्हणाली. कारकुनाने तिच्यासमोर पुसलं. ती गेल्यावर त्याने सहज तिचं नाव टाकून शोधलं. पत्ता समोर आला.

"नवऱ्याला माहीत नाही अजून," तो म्हणाला. "फोन वाटायचं काम माझ्याकडे होतं. मी त्याला शोधायची सोय बंद केलेला फोन देत होतो. मुद्दाम. आता त्या टेबलावर मी नाही. ज्याला बसवलंय तो मागेल त्याला मागेल तो फोन देतो."

"नवीन प्रोग्रॅम बसवला की तो पत्ता जाईल," धाकटी म्हणाली. "सगळीकडून जाईल. मी तपासलंय."

"बसवतायत कुठे? तुमचं म्हणून बसवत नाहीत."

छापखान्याचं यंत्र चालू होतं, त्याने खोकी थरथरत होती.

मग तो म्हणाला, "प्रमुखांचा निरोप आलाय सकाळी. लिहून द्या म्हणतात. चूक कधी नव्हतीच, प्रोग्रॅम करणाऱ्या बाईने विरोधकांच्या सांगण्यावरून मला भरीस पाडलं, असं. दिलं तर टेबल परत. खोलीही."

"मग?" मी विचारलं.

"मग काय काका. ह्यांचं नाव घालायचं ना त्यात."

धाकटी म्हणाली, "द्या लिहून."

त्याची बायको हात थांबवून बघायला लागली.

"पण एक सांगा त्यांना," धाकटी म्हणाली. "चूक नव्हती म्हणताय तर उद्या कुणी येऊन तपासेल. तपासलं तर सापडेल. म्हणून आधी नवीन बसवून घ्या, मग कागद बाहेर काढा. त्यांना पटेल."

"पटेल," तो म्हणाला. "पण तुमच्याच कामाने तुम्ही खोट्या ठराल. तपासणाऱ्याला काही सापडणार नाही आणि लोक म्हणतील, बाई थापा मारत होती."

"हो."

"तुम्हाला उत्तर देता येईल. जुना प्रोग्रॅम, नवा प्रोग्रॅम, सगळं उघडंच आहे. कुणालाही दाखवता येईल."

"दाखवलं तर तुम्ही खोटे ठरता. पुन्हा टेबल गेलं."

तो मान खाली घालून बसला. त्याची बायको उठली आणि तिने बांधलेल्या भांड्यांतून एक पातेलं शोधून काढलं. चहा ठेवला. कप वेगळ्या गाठोड्यात होते, ते काही सापडेनात. शेवटी आम्ही वाट्यांतून प्यायलो. ती धाकटीला म्हणाली, "साखर कमी आहे, चालेल ना?" एवढंच बोलली.

त्याने लिहून दिलं. प्रमुखाला ते पटलं. नवीन प्रोग्रॅम गुपचूप बसवला गेला आणि दोन दिवसांनी कागद बाहेर आला. भोंगा लावलेली गाडी आमच्या रस्त्यावरून गेली. धाकटीचं नाव, तिच्या कारखान्याचं नाव. विरोधकांची हस्तक, खोटारडी, लोकांची माहिती विकणारी. हे शेवटचं कागदात नव्हतं, ते गाडीवाल्याने आपल्या मनाने जोडलं. विरोधी पक्षाचा एक माणूस घरी आला. म्हणाला, बाई, आमच्या मंचावर या, दूध का दूध होऊ द्या. धाकटी भाजी निवडत होती. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "मला काही सांगायचं नाही." तो म्हणाला, मग लोकांनी काय समजायचं? ती म्हणाली, "समजतील ते." तो गेला, आणि संध्याकाळच्या सभेत त्यांनीही तिला सोडलं. पळपुटी म्हणाले.

कारखान्यात बायका तिच्याबरोबर जेवायला बसेनात. 'शेजार'ला हातभार लावणारी जी माणसं होती ती एकेक करून गेली. त्यांतल्या एकाने लिहिलं होतं, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता. तिने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

बायको चिडली. "अगं, उत्तर दे ना! तुझ्याकडे पुरावा आहे. तोंडात काय गुळणी धरलीस?"

"ताई, सगळं तिथेच आहे. जसंच्या तसं. ज्याला वाचायचं त्याने वाचावं."

"कोण वाचतंय?"

"कुणी नाही."

ते खरं होतं. सगळं उघडं होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. ज्याला त्यातलं कळतं अशा कुणालाही जुनं आणि नवं शेजारी ठेवून बघता आलं असतं. भाषणं झाली, गाड्या फिरल्या, दोन्ही बाजूंनी कागद वाटले. बघायला कुणी गेलं नाही.

त्या दिवसांत ती आमच्याकडेच जेवायची. ताटात पडेल ते खायची. मीठ राहिलं असेल तर सांगायची नाही. एकदा बायकोने मुद्दाम मीठ न घालता वाढलं, काही बोलते का बघायला. ती खाऊन उठली, ताट घासून ठेवलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या बोटांच्या टोकांकडे बघितलं. त्यावर इलाज नाही. काम केलं की होतं ते.

रविवारी संध्याकाळी ती आमच्या खोलीत खिडकीशी बसली होती. फोन वाजला. तिने वाचलं आणि माझ्यापुढे धरला. कारकुनाचा मेल होता. आता तो परत त्याच टेबलावर होता. तिथे त्याच्याशीही कुणी बोलत नव्हतं, हे मला पुढे कधीतरी त्याच्याकडूनच कळलं. मेलमध्ये तसं काही नव्हतं. एवढंच होतं: 'नाव टाकून शोधले. इतर सर्व ठिकाणीही पाहिले. रिकामे आहे.'

खाली सही नव्हती.

ती बाई कोण, कुठे राहते, आम्हाला माहीत नाही. तिलाही हे काही माहीत नसणार. कारकुनाने पुसलं त्या दिवसापासून ती निर्धास्त असेल.

धाकटी उत्तर लिहायला लागली. मी शेजारी होतो म्हणून दिसलं. तिने लिहिलं, आपले मनापासून आभार. मग थांबली. एकेक अक्षर मागे घेतलं. लिहिलं, बरं. पाठवलं.

मग तिने तो मेल पुसला. फोनमधल्या कचऱ्याच्या टोपलीत गेला, तिथूनही काढला. दुसरीकडे कुठे त्याची नक्कल राहिली असेल ती शोधली आणि तीही काढली. झाल्यावर तिने एकदा शोधून बघितलं. मग आणखी एकदा बघितलं.

"गेला?" मी विचारलं.

"गेला."

दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. बायकोने आतून विचारलं, डब्याला काय देऊ. धाकटी म्हणाली, काहीही दे.